लैंगिक उत्तेजनेत स्त्री-पुरुषांचा मेंदू

लैंगिक इच्छा जागी होते तेव्हा मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात आणि बाईच्या नि पुरुषाच्या मेंदूत त्यात फरक असतो का, हा मेंदूविज्ञानातला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच तपासलेला प्रश्न आहे. आमच्याकडे विदर्भातल्या खेड्यात यावर उघड कोणी बोलत नाही, पण मत सगळ्यांचं पक्कं असते: गड्याले आवरत नाही अन् बाईले इच्छाच नसते. नवी लग्न झालेली पोरगी हेच ऐकून सासरी जाते, म्हणून ही नोंद जरा नीट लिहितो.

तपासणी होते ती एफएमआरआयवर, म्हणजे कंबरेचा मणका दाखवायला लोक नागपूरला ज्या एमआरआयमध्ये जातात तसंच मशीन. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावते, तेवढा बदल हे मशीन टिपते. स्वतःहून तयार झालेला सज्ञान माणूस आत उताणा झोपतो, डोकं हलू नये म्हणून चौकटीत अडकवलेलं, कानात ठकठक आवाज, डोळ्यांवर छोटा आरसा आणि त्यात चित्रं दिसतात, काही साधी काही कामुक, मग दोन्ही वेळच्या हालचालींची तुलना करतात. उत्तेजनेत भूक-तहान आणि हार्मोन सांभाळणारा हायपोथॅलॅमस, भावनांशी जोडलेला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, बक्षिसाची ओढ लावणारा व्हेंट्रल स्ट्रायटम आणि शरीरात आत काय चाललंय ते जाणवून देणारा इन्सुला, हे भाग जागे होतात.

फरकाची गोष्ट गाजली 2004 साली. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात स्टीफन हॅमन आणि सहकाऱ्यांनी 14 पुरुष आणि 14 बायांना तीच चित्रं दाखवली, तर पुरुषांचा अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमस जास्त पेटला, बायांनी आपल्याला तेवढीच उत्तेजना वाटल्याचं सांगितलं तरीसुद्धा. यावरून 'पुरुष डोळ्यांनी पेटतो' हे विज्ञानानं सिद्ध झालं असं लोक धरून चालले. पण 28 माणसांवरून अख्ख्या मानवजातीचं कसं सांगणार? 2019 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी असे 61 अभ्यास, मिळून 1,850 माणसं, एकत्र करून पाहिलं आणि चित्रं-व्हिडिओ पाहताना जागे होणारे भाग बाया-पुरुषांत जवळपास सारखेच निघाले. माझ्या मते वजन याच कामाला द्यावं.

खरा फरक दुसरीकडे दिसतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. लैंगिकतेच्या संशोधक मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 132 अभ्यास एकत्र मांडले. शरीराची प्रतिक्रिया आणि माणूस स्वतः सांगतो ती उत्तेजना यांचा मेळ (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही) पुरुषांत 0.66 तर बायांत 0.26 एवढाच आला. म्हणजे बाईचं अंग ओलं झालं म्हणून तिच्या मनात आहे असं धरता येत नाही आणि अंग कोरडं आहे म्हणून प्रेम नाही असंही नाही. तिला विचारावंच लागते.

हे अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या तरुण मंडळीवर, शांत खोलीत झालेले. इथं दिवसभर ओटी बांधून पराटीत कापूस वेचलेली बाई रात्री भाकरी-भांडी आटपून पडते, खोली एकच, पलीकडं सासू आणि लेकरं. धास्ती आणि थकवा असला की इच्छा बहुधा दबते, हे कोणत्याही मेंदूला लागू आहे. वरून दुखणं असते ते वेगळंच. डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या होत्या, 1989 साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: 92 टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के.