एकट्याच्या व्यवसायातली सगळी कमाई आपलीच असते का?

‘भागीदार नाही, पगारदार नाही, म्हणजे आलेला प्रत्येक पैसा आपलाच’, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. वाटेकरी नसतो हे खरे, आणि निर्णय त्याच दिवशी घेता येतो हा लाभही मोठा आहे. परंतु जमा म्हणजे नफा नव्हे. जमेतून आधी साहित्य, साधनांची झीज, कर आणि आजारपणात काम बंद राहील त्या दिवसांची तरतूद वजा करावी लागते.

त्यानंतर तास मोजावेत. आठवड्यात ४८ तास राबून त्यांपैकी १८ तास दरपत्रके, हिशेब आणि थकलेल्या बिलांच्या पाठपुराव्यात गेले, तर मोबदला ३० तासांचाच मिळतो. पडताळणीसाठी चार आठवडे प्रत्येक तास वहीत लिहावा, हाती उरलेली रक्कम एकूण तासांनी भागावी आणि तो आकडा तशाच कामाच्या नोकरीतील ताशी पगाराशी ताडून पाहावा.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची: एकल मालकीत मालक आणि व्यवसाय कायद्याने सहसा वेगळे मानले जात नाहीत, त्यामुळे नफा जसा आपला, तसेच व्यवसायाचे कर्जही घरच्या बचतीपर्यंत येऊन पोहोचते.