पाइपचा गॅस (मुंबईतील घरगुंतवणुकीच्या संदर्भात)

पाइपचा गॅस : जमिनीखालच्या नळांतून इमारतीत आणि तिथून ओट्यापर्यंत येणारा नैसर्गिक वायू. घराच्या जाहिरातीत ‘महानगर गॅस आहे’ एवढाच त्याचा उल्लेख असतो.

मुंबईत गॅस प्रथम केव्हा आला याबद्दल एकवाक्यता नाही. जहाजबांधणी अभियंते अर्देशिर करसेटजी वाडिया यांनी माझगावचा आपला बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. हे वर्ष कुठे 1833, तर कुठे 1834 दिलेले आढळते. त्यांपैकी 1834 अधिक ग्राह्य वाटते. मात्र तो एका घरापुरता प्रयोग होता. रस्त्यांवरचे गॅसचे दिवे 7 ऑक्टोबर 1865 रोजी एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट व भेंडीबाजार या भागांत लागले. त्यांना गॅस पुरवणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीची आठवण लालबागच्या ‘गॅस कंपनी लेन’ या नावात उरली आहे. तिचा गॅस दगडी कोळशापासून काढलेला, कार्बन मोनॉक्साइडमुळे विषारी. आजचा मुख्यतः मिथेन. त्यामुळे 1865 पासून एकच परंपरा चालत आली असे मानणे सैलपणाचे होईल.

आजचे जाळे महानगर गॅस लिमिटेडचे (स्थापना 1995). गेल (केंद्र सरकारची गॅस कंपनी), ब्रिटिश गॅस आणि महाराष्ट्र शासन हे तिचे आरंभीचे भागीदार. पोलादी वाहिन्यांतून आलेला गॅस गल्लीबोळांत प्लास्टिकच्या नळांत सुमारे 4 बार (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबाने खेळतो, इमारतीच्या भिंतीवरच्या लोखंडी उभ्या नळातून वर चढतो आणि शेगडीशी पोहोचेपर्यंत 21 मिलिबारवर येतो. सिलिंडरच्या गॅसचा दाब सुमारे 30 मिलिबार असतो, शिवाय तेवढ्याच घनफळात त्याची उष्णताही जास्त. म्हणून भाडेकरूने स्वतःची शेगडी आणली तर तिचे जेट (गॅस सुटण्याची बारीक तोंडे) बदलावे लागतात. मिथेन हवेहून हलका असल्याने गळती छताशी साचते, तर सिलिंडरचा गॅस जमिनीलगत पसरतो. स्वयंपाकघरालगतची ड्राय बाल्कनी (धुण्या-वाळवण्याची जागा) सरकत्या काचांनी बंद करून स्वयंपाकघर वाढवलेली घरे रीसेलला सर्रास येतात. अशा घरात खोलीच्या मापापेक्षा वरच्या बाजूची हवा कुठून खेळते हे आधी पाहावे.

ओट्याजवळच्या राखाडी मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे दशांश. ताबा घेताना दोन्ही पक्षांसमोर या आकड्यांचा फोटो काढून ठेवणे चांगले. मागचे बिल कोणाचे हा वाद तिथेच मिटतो. अनामत विक्रेत्याच्या नावावर असते, म्हणून जोडणीचे नाव बदलून घेणे हा व्यवहाराचाच भाग धरावा. भाड्याच्या घरात जोडणी मालकाच्याच नावावर राहते.

पुनर्विकासात जुन्या जोडण्या तोडून मीटर जमा होतात. नव्या इमारतीचा ताबा मिळाल्यावर गॅस यायला अनेकदा काही महिने लागतात आणि तोवर सिलिंडरवर भागवावे लागते.

हॉटेलसाठी गाळा घेणाऱ्यास दराचा प्रश्न घरमालकापेक्षा जास्त भिडतो. देशांतर्गत स्वस्त गॅसच्या वाटपात घरगुती चूल व सीएनजी यांना अग्रक्रम आहे. एप्रिल 2023 पासून या गॅसचा दर भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या 10 टक्के, पण आरंभी दर एमएमबीटीयूमागे (गॅसमधील उष्णता मोजण्याचे एकक) कमाल 6.5 डॉलर, असा ठरला. व्यापारी ग्राहकाला बाजारभाव सोसावा लागतो. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने तो 1 एप्रिल 2022 पासून 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला.

भिंतीवरचा नळ जुन्या इमारतीची अवस्थाही सांगतो. छज्ज्याखाली, जिथे पावसाचे पाणी नळ भिंतीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पशी ठिबकते, तिथे गंज आधी धरतो. बाहेरून रंगकाम नुकतेच झाले असूनही क्लॅम्पभोवतीचे प्लास्टर फुगलेले दिसले, तर सोसायटीच्या दुरुस्ती फंडाची चौकशी टोकन देण्याआधीच करावी.