स्कॅन नॉर्मल, डोकं मात्र ठणकतंय

सीटी स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही आणि डोकं तर रोज ठणकतं. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या कितीतरी अमेरिकी सैनिकांची ही तक्रार. अशा दुखण्यावर फोनच्या ॲपमधून शिकलेली सजगता (माइंडफुलनेस) उपयोगी पडते का, ते पाहू. रस्त्याकडेला पेरलेला बॉम्ब फुटतो, गाडी हादरते, मेंदूला कवटीच्या आत धक्का बसतो. वरून मात्र कधीकधी खरचटलेलंही दिसत नाही. स्फोटाखेरीज सरावात, अपघातात, पडून झडूनही डोक्याला मार लागतो. २००० सालापासून अमेरिकी सैन्यात अशा साडेचार लाखांहून जास्त इजांची नोंद झाली आणि त्यातल्या बहुतेक 'सौम्य' गटात मोडतात.

'सौम्य' हा शब्द मला खटकतो. २००८ साली जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सैन्याबाहेरच्या रुग्णांपैकी सौम्य इजा झालेल्या सुमारे ७५ टक्के लोकांना जुनाट दुखणं होतं, तर मध्यम-गंभीर इजावाल्यांत ते ३२ टक्क्यांच्या आसपास होतं. माजी सैनिकांचं दुखणं तर एकटं येतच नाही. २००९ च्या एका पाहणीत ३४० जणांपैकी ४२ टक्के जणांना जुनाट वेदना, युद्धाच्या आघातातून आलेला पीटीएसडी हा मनाचा आजार आणि डोक्याच्या माराची रेंगाळलेली लक्षणं असं तिन्ही होतं. झोप नाही म्हणून दुखतं, दुखतं म्हणून झोप नाही.

तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. तोवर बऱ्याचदा मूळ जखम भरलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. साध्या स्पर्शालाही ती धोक्याची घंटा वाजवते. म्हणून हे दुखणं खोटं ठरत नाही. मज्जारज्जूतलं 'दार' वेदनेचा संदेश कमी-जास्त करतं आणि मेंदूही त्या दारावर हुकूम चालवतो, अशी मांडणी मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच केली होती. ध्यानासारख्या मन-शरीर उपचारांचा आधार हाच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेचा वर्ग सुरू केला, तोही दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी. शवासन किंवा विपश्यना केलेल्या मराठी माणसाला त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मग हे फोनवर कशाला? कारण इस्पितळ लांब असतं. शिवाय मार लागलेल्या मेंदूला तासाभराचं व्याख्यान झेपत नाही, ऐकलेलं टिकत नाही. ॲपमधला दहा मिनिटांचा सराव हवा तितक्या वेळा पुन्हा लावता येतो आणि वेळ झाली की फोनच आठवण करून देतो. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची 'माइंडफुलनेस कोच'सारखी ॲप्स फुकट आहेत.

सराव जवळून पाहा. उजेडाने डोकं दुखणारा माणूस फोन पालथा ठेवतो आणि नुसता आवाज ऐकतो. आवाज सांगतो: टाचांकडे लक्ष द्या, आता पोटऱ्या, आता मांड्या. खांद्याशी आल्यावर दुखतं. तिथून पळायचं नाही, झगडायचंही नाही. कळ किती जागेत आहे, वाढते की ओसरते, एवढंच पाहायचं. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. पीटीएसडी असलेल्याला डोळे मिटले की असुरक्षित वाटू शकतं. त्याने ते उघडे ठेवावेत, हवं तर भिंतीला पाठ टेकून बसावं. सरसकट 'डोळे मिटा' म्हणणारं ॲप त्याच्या कामाचं नाही.

२०२४ मध्ये ८११ माजी सैनिकांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यांना सगळ्यांना जुनाट दुखणं होतं, पण निवड डोक्याच्या मारावरून झालेली नव्हती. काहींनी व्हिडिओवरून शिकवलेली सजगता ऑनलाइन गटात बसून गिरवली, काहींनी घरी आपापल्या वेळेने. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा या दोन्ही गटांचं दुखण्यामुळे अडणारं रोजचं काम वर्षभरात जास्त सुधारलं. दुखणं नाहीसं झालं, असं नव्हे. पण माणसांची रोजची कामं कमी अडू लागली, आणि माझ्या लेखी ते फार मोठं आहे.

आपापल्या वेळेने शिकणाऱ्यांनाही पूर्ण एकटं सोडलं नव्हतं. आठ आठवड्यांत तीनदा मार्गदर्शकाचा फोन यायचा. ॲप लोक उत्साहाने उतरवून घेतात आणि लवकरच विसरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून अशी योजना आखणाऱ्यांनी आधी त्या तीन फोनांचा खर्च धरावा.