पाठीवरचा हिरवा आकडा: रहस्य आणि अद्भुत मालिका वाचणाऱ्या सभासदांसाठी

आपल्या वाचनालयातल्या मालिका-कादंबऱ्यांच्या पाठीवर आता एक हिरवी चिठ्ठी दिसेल. तिच्यावरचा आकडा प्रकाशकाने दिलेला भाग क्रमांक नाही, आणि पुस्तक कोणत्या साली छापलं याच्याशीही त्याचा दर वेळी संबंध असेलच असं नाही. ते पुस्तक कितवं वाचावं, याबद्दलचं ते आमचं मत आहे. काही पाठींवर आकड्याऐवजी फुली आहे. ती पुस्तकं कुठूनही सुरू करा. लाल ठिपका दिसला तर मात्र आधी काउंटरवर विचारा, कारण त्याच्या आधीचं काहीतरी वाचलेलं असणं गरजेचं आहे.

मत कोणाचं, तर दुपारी काउंटरवर बसते तिचं, म्हणजे माझं. “ताई, पहिला भाग बाहेर गेलाय, दुसरा नेला तर चालेल का?” हा प्रश्न रोज येतो, आणि त्याचं एकच उत्तर नाही. काही मालिकांत चालतं, काहींत दुसरा भाग आधी वाचला की पहिल्यातली गंमत कायमची जाते. म्हणून गेल्या काही महिन्यांत या मालिका ओळीने काढल्या, काही नव्याने वाचल्या, काही पुन्हा. पत्रकात फक्त त्यातल्या बोलण्यासारख्या घेतल्या आहेत.

फुली कोणाला, ठिपका कोणाला

ॲगाथा ख्रिस्तीच्या हर्क्यूल पॉयरोला सरसकट फुली आहे. १९२० साली ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हाच निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी होता, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं निवृत्तच राहिला. त्याच्या वयाचा हिशेब करायला बसू नये. खून, बंगला, सात-आठ संशयित, शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा. हे गाडं कुठूनही पकडता येतं.

अपवाद तीन. ‘कर्टन’वर लाल ठिपका आहे. ही पॉयरोची शेवटची केस ख्रिस्तीबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवली होती. ती छापली गेली १९७५ मध्ये, आणि त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर पॉयरोच्या निधनाची बातमी दिली. एका काल्पनिक माणसाची! दुसरा ठिपका ‘डम्ब विटनेस’वर. हे १९३७ चं पुस्तक तसं निरुपद्रवी आहे, कुत्राही गोड आहे, पण गप्पांच्या ओघात पॉयरो आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं घेऊन मोकळा होतो. संपादकाच्या नजरेतून हे सुटलं कसं, देव जाणे. त्या चार आधी उरकून घ्या. कोणत्या, ते काउंटरवर सांगू. इथे छापलं तर त्याचाही सुगावा लागायचा.

तिसरा अपवाद उलट्या बाजूचा. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) शक्य तितक्या लवकर वाचा, कारण यातला खुनी तुम्हाला आज ना उद्या कोणीतरी सांगणारच आहे. मला तो माहीत होता. तरी या वेळी पुन्हा वाचताना जास्त मजा आली, ती अशी की उत्तर माहीत असताना प्रत्येक वाक्य तपासता येतं, आणि एकही वाक्य खोटं सापडत नाही. बाई फसवतात, पण थाप मारत नाहीत. रहस्यकथा दोनदा वाचण्यात काय अर्थ, असं म्हणणाऱ्या सभासदांनी एवढं एक पुस्तक दोनदा नेऊन पाहावं.

बंगालचे दोघे

सत्यजित राय यांचा फेलुदा आमच्याकडे अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात आहे, आणि त्याचे सगळे भाग सतत फिरतीवर असतात. मुलांसाठी म्हणून नेतात आणि आजोबा वाचून परत करतात. फेलुदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात जन्मला, त्यामुळे गोष्टी स्वच्छ, वेगवान आणि प्रवासाने भरलेल्या. दार्जिलिंग, लखनौ, जैसलमेर. एका गोष्टीत तो आपल्या वेरूळला कैलास लेण्यापाशी येतो, मूर्तिचोरांच्या मागावर. ज्यांनी ते लेणं पाहिलंय त्यांना ती वाचताना अंधारातल्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील.

इथेही फुली, पण एक आग्रह आहे: ‘सोनेरी किल्ल्या’ची गोष्ट आधी वाचा. त्यात लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू आगगाडीत पहिल्यांदा भेटतो. हा स्वतः रहस्यकथा लिहिणारा लोकप्रिय लेखक, आणि त्याच्या कादंबऱ्यांत तपशिलाच्या ढोबळ चुका. फेलुदा त्या शांतपणे दुरुस्त करतो. जटायू येण्याआधीच्या गोष्टी चांगल्या आहेत, पण आल्यानंतरच्या गोष्टींत घर भरल्यासारखं वाटतं. तक्रार एकच, या जगात बायका जवळजवळ नाहीतच. मुलांचं मासिक होतं म्हणून, हे कळतं. तरी ओळीने पाच-सहा गोष्टी वाचल्या की खटकतं.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी याच्या अगदी उलट. १९३२ मध्ये सुरू झालेल्या या कथा मोठ्यांच्या आहेत. लोभ, वारसाहक्क, अनैतिक संबंध, कलकत्त्याच्या मेसमधले एकटे पुरुष. याला आम्ही आकडे लावले आहेत, कारण ब्योमकेश गोष्टींबरोबर वाढतो. एका खटल्यात सत्यवती भेटते, लग्न होतं, पुढे मूल होतं, खर्चाच्या काळज्या लागतात. पॉयरोला कधी घरभाड्याची चिंता पडली होती का?

दूरदर्शनवर १९९३ मध्ये रजित कपूरला ब्योमकेशच्या भूमिकेत पाहिलेल्या पिढीला हा माणूस ठाऊक आहे. त्याच्या लेखकाचं आपल्याशी असलेलं नातं मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. शरदिंदुबाबू १९३८ मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’साठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि पुढे सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले. सिनेमाच्या त्या वर्षांत ब्योमकेश गप्प होता; पुनरागमन झालं ते १९५१ च्या सुमारास. सलग वाचलं की हा सांधा हाताला लागतो. आधीच्या कथांत कोडं मोठं आणि माणसं लहान. नंतरच्या कथांत माणसं पुढे येतात आणि कोडं त्यांच्या मागे चालतं. अगदी शेवटच्या काही कथांत तर गोष्ट सांगणारा त्याचा मित्र अजितही बाजूला होतो. मला नंतरचा ब्योमकेश जास्त आवडतो. घाईत असलेल्यांनी आधीचा वाचावा.

मुंबईच्या गोष्टी, इंग्रजीतून

सुजाता मॅसी यांची पर्वीन मिस्त्री मालिका सध्या सर्वांत जास्त मागणीत आहे. १९२१ ची मुंबई, फोर्टात वडिलांच्या पेढीत काम करणारी पारशी वकील तरुणी, आणि मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा, ज्यांच्याशी पुरुष वकील बोलूच शकत नाही. रहस्याची सगळी चावी या एका अडचणीत आहे, आणि ती अडचण खरी होती. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे ऑक्सफर्डला, यांनी पडदानशीन बायकांसाठीच वकिली केली; पर्वीनच्या मागे त्यांची प्रेरणा आहे. खुनी कोण ते मला अर्ध्यातच कळलं, पण पुस्तक खाली ठेवलं नाही. पर्वीनचं स्वतःचं मोडलेलं लग्न हा त्यातला सर्वांत भेदक भाग.

एक सावधगिरी. हेच पहिलं पुस्तक अमेरिकेत ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ आणि भारतात ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावाने निघालं. आमच्याकडे दोन्ही प्रती आहेत. दोन्हींवर १ आहे; दोन्ही नेऊ नका.

एच. आर. एफ. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर घोटे १९६४ मध्ये मुंबई पोलिसांत रुजू झाला, आणि लेखकाने मुंबई पाहिली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी. ते जाणवतं. घोटे मात्र भला माणूस आहे, साहेबांना घाबरणारा आणि तरी तपास न सोडणारा. एखाद्या पावसाळी रविवारी चालेल.

आपल्या मराठीतल्या मालिकांना मी आकडे लावू शकले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा; झुंजार आणि काळापहाड यांचा क्रम लावायचा तर वाचनालय बंद ठेवावं लागेल. ज्या प्रती उरल्या आहेत त्यांची पानं कुरकुरीत झाली आहेत, म्हणून त्या इथेच बसून वाचायच्या. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन, गुरुनाथ नाईकांचे नायक यांना सरसकट फुली. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथा रहस्याच्या कपाटात ठेवाव्या की अद्भुताच्या, यावर आमच्यात वाद झाला. सध्या त्या दोहोंच्या मधल्या खणात आहेत.

अद्भुताच्या कपाटात उड्या चालत नाहीत

इथे फुली जवळजवळ कुठेच नाही. रहस्यकथेत जग आपलंच असतं, फक्त एक माणूस मेलेला असतो. अद्भुत कादंबरीत जगच नवं, त्याचे नियम पहिल्या भागात सांगितलेले. तिसऱ्यापासून सुरू केलं तर नकाशा उलटा धरून चालल्यासारखं होतं.

टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला तरीही आकडे नाहीत, कारण ती मालिका नव्हेच. ती एकच कादंबरी. युद्धानंतर कागद महाग असल्यामुळे १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढावी लागली. मुग्धा कर्णिक यांच्या मराठी अनुवादाचेही तीन खंड आहेत. तिन्ही एकदम न्या. या संचासाठी ‘एका वेळी दोन पुस्तकं’ हा नियम शिथिल केला आहे.

या वर्षी मला सर्वांत जास्त धरून ठेवलं ते अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेने. पहिली कादंबरी १९६८ ची. बेटांचं जग, गाँट बेटावरचा बकऱ्या राखणारा मुलगा, आणि त्या जगातली जादू एका गोष्टीवर उभी: प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता. रात्री अनोळखी हाकेला ओ देऊ नये असं ज्यांना आजीने बजावलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मुलगा शेखीपायी एक सावली मोकळी सोडतो आणि मग आधी तिच्यापासून पळतो, नंतर तिच्या मागे लागतो. पुस्तक जेमतेम दोनशे पानांचं आहे. आजकालच्या ठोकळ्यांत एवढ्या पानांत नायक अजून घरातून निघालेला नसतो.

पहिले तीन भाग १९७२ पर्यंत आले. चौथा, ‘तेहानू’, आला १९९० मध्ये, आणि त्याच्यावर ठळक लाल ठिपका आहे. तो बकऱ्या राखणारा मुलगा, आता महाजादूगार गेड, त्याची सगळी शक्ती गेलेली, दुसऱ्या भागातली तेनार आता शेतकऱ्याची विधवा, आणि मध्ये एक भाजलेली मुलगी. फार काही घडत नाही. भांडी, शेळ्या, गावातल्या पुरुषांची दहशत. आमच्या दोन सभासदांनी हा भाग अर्धवट परत केला, जादू नाही म्हणून. मला मात्र वाटलं, लेखिकेने स्वतःच्याच पहिल्या तीन पुस्तकांना विचारलेला हा प्रश्न आहे: या सगळ्या थोर जादूगारांच्या जगात चूल कोण सांभाळत होतं? पण ते तीन वाचलेले नसतील तर हा प्रश्न ऐकूच येत नाही.

दोन्ही कपाटं एकत्र हवी असतील तर टेरी प्रॅचेट न्या. डिस्कवर्ल्डच्या एकूण ४१ कादंबऱ्या आहेत, १९८३ ते २०१५. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्यांच्यावर सपाट जग, हे आपल्याला काही फार विचित्र वाटत नाही. पण पहिल्यापासून सुरू करू नका. सुरुवातीची दोन पुस्तकं नुसती थट्टा आहेत. आमचा १ लागला आहे ‘गार्ड्स! गार्ड्स!’ला (१९८९), जिथे सॅम व्हाइम्स हा दारुडा, पगार पुरत नसलेला पोलीस अधिकारी येतो. पुढच्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये त्याचा बुटांचा हिशेब आहे: श्रीमंत पन्नास डॉलरचे बूट घेतो, ते वर्षानुवर्षं टिकतात, गरीब दहा डॉलरचे घेतो, ते हंगाम-दोन हंगामांत फाटतात, शेवटी गरिबाचे जास्त पैसे जातात आणि पाय ओलेच राहतात. ड्रॅगन आणि बुटके असलेल्या कादंबरीत गरिबीबद्दल इतकं नेमकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पोलिसांच्या आठ कादंबऱ्यांत ‘नाइट वॉच’ सहावी आहे आणि माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ, पण ती सहावीच वाचायची.

बेन ॲरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) याच वाटेवरची. नवखा पोलीस शिपाई भुताची साक्ष नोंदवून घेतो आणि तिथून जादूगाराचा उमेदवार होतो. पहिले तीन भाग झकास. अमेरिकी आवृत्तीचं नाव ‘मिडनाइट रायट’ आहे, तेव्हा पुन्हा तोच सावधगिरीचा इशारा.

रॉबर्ट जॉर्डनचं ‘व्हील ऑफ टाइम’ १४ खंडांचं आहे. लेखक २००७ मध्ये गेले, शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून पुरे केले. आठ ते दहा हे खंड मी नेटाने ओढले. तेवढी चिकाटी नसेल तर सुरूच करू नका. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ (टीव्हीवरचं ‘गेम ऑफ थ्रोन्स’) मालिकेचा पाचवा भाग २०११ चा, आणि हे पत्रक छापायला देईपर्यंत सहावा आलेला नाही. त्याची आगाऊ नोंद घेणं आम्ही बंद केलं आहे.

थोडं व्यवहाराचं

मालिकेचा पुढचा भाग तुमच्यासाठी एक आठवडा बाजूला ठेवता येतो. परत करताना सांगा, चिठ्ठी लावून ठेवू. दिवाळी अंक योजना सुरू झाली की महिना-दीड महिना कादंबऱ्यांना हात लागत नाही, तेव्हा लांबलचक मालिका सुरू करायला ती उत्तम वेळ आहे, सगळे भाग जागेवर असतात. घरपोच सेवेत क्रम चुकला तर आमच्या पोऱ्यावर रागावू नका, त्याच्याबरोबर परत पाठवा, बदलून देऊ.

आकडा पटला नाही तर पुस्तकात घातलेल्या कार्डाच्या मागे लिहून द्या. ब्योमकेशचे दोन आकडे एका सभासदांच्या सांगण्यावरून बदलले आहेत. मात्र पुस्तकाच्या आत काही लिहू नका. कोणीतरी आपल्या ख्रिस्तींच्या प्रतींमध्ये पहिल्याच पानावर संशयिताच्या नावाखाली पेन्सिलीने ‘हाच!’ असं लिहून ठेवतं. अक्षर ओळखीचं वाटतंय, आणि अनामत रक्कम आमच्याकडेच आहे.