हेक्स ड्रायव्हर झिजतो कुठे आणि का?

आजची बहुतेक आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) गाडी उघडायला चार मापांचे हेक्स, म्हणजे षटकोनी टोकाचे, ड्रायव्हर पुरतात: १.५, २, २.५ आणि ३ मिमी. यातला ३ मिमीचा वर्षानुवर्षं नव्यासारखा राहतो आणि १.५ मिमीचा बघता बघता कोपरे घालवून बसतो. खापर बहुधा बनवणाऱ्यावर फुटतं, पण अर्धं कारण साध्या गणितात आहे. दांडी किती पीळ सोसेल हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली की ताकद आठपट होते. म्हणजे एकाच पोलादाचा, एकाच भट्टीतून निघालेला १.५ मिमीचा ड्रायव्हर ३ मिमीच्या एक अष्टमांश पीळ झेलतो आणि २ मिमीच्या निम्म्याहूनही कमी. मूठ मात्र चौघांना साधारण सारखीच बसवलेली असते, आणि फिरवणारं मनगटही तेच.

त्यात या सगळ्यात बारक्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट काम येतं. एम३ (३ मिमी जाडीच्या) आट्यांचा कॅप हेड, म्हणजे उंच डोक्याचा, स्क्रू २.५ मिमीने फिरतो, बटन हेड (घुमटाकार डोक्याचा) किंवा काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडणारा) असेल तर २ मिमीने. मोटरच्या शाफ्टवर पिनियन (छोटं दातेरी चाक) धरून ठेवणारा एम३ ग्रब स्क्रू मात्र बिनडोक्याचा. त्याची खाच आट्यांच्या आतल्या जागेतच मावायला हवी, म्हणून ती १.५ मिमीची. हाच स्क्रू सर्वात घट्ट आवळलेला असतो आणि वर थ्रेडलॉकरने, म्हणजे आट्यांत लावायच्या गोंदाने, चिकटवलेलाही.

हे बिनडोकं रूप आलं ते अपघातांमुळे. पूर्वी कारखान्यात छताजवळून जाणाऱ्या एका लांब फिरत्या शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी यंत्रं चालत. शाफ्टवरच्या पुल्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूंनी आवळलेल्या असत आणि बाहेर आलेलं ते डोकं फिरता फिरता कामगाराचा कपडा ओढून घेई. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांनी स्क्रूच्या आत षटकोनी खाच पाडण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१० साली मिळवलं आणि असे स्क्रू ‘सेफ्टी सेट स्क्रू’ म्हणून विकले. पिनियनमधला ग्रब स्क्रू त्याच घराण्यातला.

षटकोनाचा एक दोष मात्र जन्मजात आहे. ड्रायव्हर खाचेच्या सपाट भिंतीवर सपाट टेकून ढकलतो असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. टोक खाचेपेक्षा किंचित बारीक ठेवावंच लागतं, नाहीतर ते आत जाणारच नाही. त्यामुळे फिरवताना टोक आधी थोडं रिकामं फिरतं आणि मग त्याचे सहा कोपरे भिंतींना जाऊन टेकतात. सगळा भार त्या सहा बारीक रेषांवर. शिवाय घर्षण बाजूला ठेवलं तर प्रत्येक कोपऱ्यावरच्या जोराचा निम्माच भाग स्क्रू फिरवतो. मोठा वाटा खाचेची भिंत बाहेर रेटण्यात जातो. टॉर्क्स या दुसऱ्या प्रकारच्या टोकाची सहा पाकळ्यांची चांदणी इथेच बाजी मारते, कारण तिच्यात बाहेर रेटणारा जोर फार कमी. काही उत्पादक षटकोनाच्याच टोकाला वेगळा आकार देऊन कडेऐवजी पृष्ठभाग टेकेल असं बघतात. वेरा या जर्मन कंपनीचा ‘हेक्स-प्लस’ हा त्यातला प्रसिद्ध नमुना.

आता हे रिकामं फिरणं किती, ते पाहू. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २ मिमी म्हणवणारी खाच प्रत्यक्षात २.०२ ते २.०८ मिमी रुंद असू शकते. अचूक २ मिमीचं टोक सर्वात सैल खाचेत सुमारे ४ अंश फिरून टेकतं. तेच टोक झिजून किंवा मुळातच ढिलाईने बनवलेलं असल्यामुळे १.९५ मिमी भरलं, तर हा आकडा साडेसात अंशांवर जातो. जितकं जास्त फिरून टेकेल तितका भार अगदी टोकाच्या कडेवर येतो आणि ती कड तितक्याच लवकर गोल होते. खाच टोकापेक्षा साडेपंधरा टक्क्यांनी रुंद झाली, की षटकोन षटकोनात गरागरा फिरतो. एक दशांश मिमीच्या निम्म्यासाठी एवढा आटापिटा करायचा तो म्हणूनच. ड्रायव्हर विकत घेताना मी पोलादाचं नाव नंतर वाचतो, आधी व्हर्नियर लावून टोकाचं माप घेतो.

इंचांचा घोळही इथलाच. जुन्या अमेरिकी गाड्यांत इंचाच्या मापाचे स्क्रू भेटतात आणि ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिमी, जवळजवळ २. ही जोडी चालून जाते, म्हणून बाकीच्याही चालतील असं वाटू लागतं. पण ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमी, ते टोक २.५च्या खाचेत घातलं तर नव्या कोऱ्या खाचेतही ते साडेपाच अंश किंवा त्याहून जास्त भरकटतं. १/१६ इंचाच्या खाचेत १.५ मिमी घालणं तर त्याहून वाईट. दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर मुठींना वेगवेगळे रंग द्यावेत.

पोलादाकडे वळू. १२.९ या भक्कम प्रतीच्या काळ्या स्क्रूचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर ३९ ते ४४ असतो. चांगल्या ड्रायव्हरचं टोक ६०च्या आसपास असतं, म्हणून घासाघाशीत ते टिकतं. स्टेनलेसचे स्क्रू बरेच मऊ. तिथे टोकाआधी खाचच जाते. मग आणखी कठीण पोलाद का नको? कारण कठीणपणा वाढवला की चिवटपणा घटतो, आणि १.५ मिमीचं ठिसूळ टोक झिजण्याऐवजी तुटून खाचेतच अडकतं. एस२ हे पोलाद हादरे सोसण्यासाठी घडवलेलं, त्यामुळे दोन्हींचा मेळ बरा साधतं. हाय स्पीड स्टीलमध्ये टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांच्या कार्बाइडचे अतिकठीण कण विखुरलेले असतात. ते घर्षणाला दाद देत नाहीत, पण आडव्या वाकण्याला हे पोलाद एस२इतकं सोशिक नाही.

सोनेरी टोकांचा मात्र मला फारसा मोह नाही. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा. थर अतिशय कठीण खरा, पण जाडी काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वर ज्या झिजेने सगळा फरक पडला ती ५० मायक्रॉनची होती. खालचं पोलाद मऊ असेल तर ते दबतं आणि वरचा थर त्याच्यासोबत जातो.

हाय स्पीड स्टीलचा खरा गुण उष्णतेतला. टेलर आणि व्हाइट यांनी १९००च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीच्या पोलादाची हत्यारं लाल होईपर्यंत तापूनही कापत राहतात हे दाखवलं होतं. हाताने फिरवायच्या ड्रायव्हरला याचा काय उपयोग, असं वाटेल. उपयोग आहे तो टोक पुन्हा घासताना. गोल झालेल्या टोकाचा मिलिमीटरभर भाग ग्राइंडरवर सपाट उडवला की खालचे ताजे कोपरे मिळतात. साध्या पोलादावर घासताना पिवळसर छटा आली तर ते २२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं, निळी आली तर ३००च्या. तोवर त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलेलं असतं आणि नवे कोपरे आठवडाभरात बसतात. म्हणून पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत, हलक्या हाताने घासायचं. हाय स्पीड स्टील ५०० अंशांपर्यंत सहज तग धरतं.

गोळ्याच्या टोकाचा ड्रायव्हर तिरक्या कोनातून स्क्रू फिरवतो, ही सोय मोठी. पण त्याची मान बारीक आणि खाचेशी स्पर्श एका अरुंद पट्ट्यापुरता. सैल स्क्रू भराभर आत घ्यायला तो वापरावा. घट्ट स्क्रू सोडवायला आणि शेवटचा पीळ द्यायला सरळ टोकच.

घट्ट म्हणजे बहुधा थ्रेडलॉकर. तो हवा तुटल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो आणि तापवल्यावर मऊ पडतो. ग्रब स्क्रूवर तापलेली सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवली तर १.५ मिमीच्या टोकावरचा भार बराच उतरतो. त्याआधी खाचेतली माती टाचणीने कोरून काढायची. एम३ बटन हेडच्या खाचेची खोली जेमतेम एक मिमी. त्यातली अर्धी चिखलाने भरलेली असेल तर उरलेल्या अर्ध्यावरच सगळा जोर येतो.

पूर्ण संच एकदम घेण्यापेक्षा पैसे १.५ आणि २ मिमीवर ओतावेत, तेही बदलता येण्याजोग्या टोकांवर. ३ मिमीचा साधा असला तरी चालतो. मुठीच्या बाबतीत उलटं: १.५ला बारीक मूठ बरी, म्हणजे हाताला गरजेपेक्षा जास्त जोर लावताच येत नाही. आणि खाच गोल झालीच, तर बेताच्या मापाचा टॉर्क्स बिट तिच्यात हलकेच ठोकून स्क्रू बाहेर काढता येतो. निघालेला स्क्रू लगेच टाकून द्यायचा, डब्यात परत ठेवायचा नाही.