फेलाइन हायपरएस्थेशिया सिंड्रोम, म्हणजे मांजराची पाठ थरथरण्याचा त्रास

फेलाइन हायपरएस्थेशिया सिंड्रोम, पुढे नुसतं एफएचएस म्हणू, म्हणजे मांजराच्या पाठीची, खास करून कमरेपासून शेपटीच्या बुडापर्यंतची कातडी भलतीच हळवी होणं आणि त्यामुळे अधूनमधून झटके आल्यासारखं वागणं. झटका दिसतो तो असा: मांजर पाय पोटाखाली घेऊन निवांत बसलेलं असतं, अचानक कमरेवरची कातडी पाण्यावर तरंग उठावेत तशी हलायला लागते, शेपूट आपटणं सुरू होतं, बाहुल्या पसरून डोळे काळेभोर होतात, मग ते मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे असं बघतं की ती भलत्याच कुणाची तरी आहे, तिला एक कचकन चावा घेतं आणि सुसाट पळत सुटतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. नंतर काही झालंच नाही अशा थाटात येऊन पंजा चाटत बसतं, आणि बघणाऱ्याची मात्र छाती धडधडत असते.

थरथरते ती कातडीखालची पातळ स्नायूची चादर, घोडा माशी उडवायला जी हलवतो तीच. स्नायू हलतो यात आजार काहीच नाही, पाठीवरून हात फिरवला की बऱ्याच धडधाकट मांजरांची पाठ पण जराशी थरथरते, आणि माजावर आलेली मांजरी लोळते, ओरडते, पाठीला हात लावला की शेपूट बाजूला घेते, ते पण एफएचएस नाही. कुणी न शिवता परत परत असं होत असेल, मांजर स्वतःला चावत असेल, केस उपटत असेल, तेव्हा काळजी करायची.

हे वर्णन पशुवैद्यकीत १९८० च्या सुमारास आलं आणि तेव्हापासून याला ट्विची कॅट, रोलिंग स्किन अशी नावं पडत गेली. नावं बरीच झाली पण नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही, कुणी त्वचेचं म्हणतं, कुणी फिटचा प्रकार, कुणी मज्जातंतूंचं दुखणं, कुणी माणसांतल्या ओसीडीसारखं (एकच गोष्ट परत परत केल्याशिवाय राहवत नाही तो मानसिक त्रास). साधारण १ ते ५ वर्षांच्या मांजरांत जास्त दिसतं, सयामी, बर्मीज, पर्शियन, अ‍ॅबिसिनियन यांची नावं जास्त ऐकू येतात पण साध्या गल्लीतल्या मांजरालाही होतंच.

याची अशी एखादी टेस्ट नाही. बाकी सगळं तपासून बाद करायचं आणि उरेल त्याला एफएचएस म्हणायचं, म्हणून पहिल्याच भेटीत हे नाव मिळालं तर खरं सांगायचं तर जरा थांबावं. बाद करायच्या यादीत पहिला नंबर पिसवांचा. "आमच्याकडे पिसवा नाहीत, मी बघितलं" हे वाक्य प्रत्येक डॉक्टरने ऐकलेलं असतं, पण मांजर स्वतःला एवढं चाटतं की पिसवा गिळून टाकतं आणि अ‍ॅलर्जीवाल्या मांजराला मोजके चावे सुद्धा पुरतात. ओल्या पांढऱ्या टिश्यूवर शेपटीच्या बुडापाशी विंचरून घ्या, पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी आणि सलग काही महिने द्यावं लागतं, कारण कोषातल्या पिसवा गालिच्यात, फटीत दडून राहतात आणि फवारणीला दाद देत नाहीत, रोज व्हॅक्युम मारला तर त्या हादऱ्याने बाहेर तरी येतात. इथे एक मोठा धोका आहे, कुत्र्याचं परमेथ्रिन या कीटकनाशकाचं स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध, मांजराला लावायचं नाही म्हणजे नाही, त्याने विषबाधा होते आणि मांजर थरथरायलाच लागतं, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला.

पिसवांनंतर खाण्याची अ‍ॅलर्जी, म्हणजे साधारण ८ आठवडे डॉक्टरांनी दिलेलंच खाणं, मधे एकही ट्रीट नाही (घरातला कुणीतरी गुपचूप देतोच आणि सगळं परत पहिल्यापासून). मग बुरशी, किडे, गुदग्रंथी, सांधेदुखी, मणक्याचं दुखणं, गरज पडली तर एमआरआय. २०१९ मध्ये शेपूट जखमी करून घेणाऱ्या ७ मांजरांचा एक अभ्यास आला होता, त्याचाही सूर हाच होता की त्वचा, मज्जासंस्था आणि वागणूक तिन्ही बाजूंनी तपासा. डॉक्टरकडे गेल्यावर मांजर दगडासारखं बसतं, झटका तिथे येत नाही, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यावा. सोबत एक छोटी डायरी, किती वाजता, किती वेळ, आधी काय चाललं होतं एवढंच.

झटका चालू असताना मांजराला धरायचं नाही, उचलायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. ते तुम्हाला ओळखतं पण त्या क्षणी समोर येईल त्याला चावेल. लांबूनच दोरीवालं खेळणं हलवा किंवा खाण्याचा डबा वाजवा, बऱ्याचदा तेवढ्यानेही लक्ष उडतं.

रोजचं सांभाळणं कंटाळवाणं आहे पण खरा फरक तिथेच पडतो. जेवण ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनतीनदा दमेपर्यंत शिकारीसारखा खेळ आणि खेळ संपला की खाणं, उंचावर एक जागा, लपायला एक खोका, एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर वाट्या आणि लिटर बॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी. लाड गाल आणि हनुवटीपुरतेच, कमरेकडे हात न्यायचा नाही, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. फेरोमोन डिफ्यूझर, म्हणजे मांजराला शांत करणारा वास हवेत सोडणारं यंत्र, लावून बघायला हरकत नाही, काहींना उपयोग होतो काहींना शून्य.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं. गॅबापेंटिन मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी, सुरुवातीला मांजर झिंगल्यासारखं चालतं ते बहुतेक वेळा थोड्या दिवसांत कमी होतं. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन चिंतेसाठी, असर दिसायला ४ ते ६ आठवडे जातात आणि लोक दुसऱ्याच आठवड्यात "काही होत नाही" म्हणून सोडून देतात. फिटचा संशय असेल तर फेनोबार्बिटल, त्याला अधूनमधून रक्ततपासणी लागते आणि ते एकदम बंद करायचं नाही. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच नाही, मांजराचा तिने जीव जातो.

शेपूट कुरतडून जखम झाली तर गळ्यात लॅम्पशेडसारखी कॉलर घालावीच लागते. शेपूट कापून टाकणं हा अगदी शेवटचा पर्याय, तरी काही मांजरं नंतर उरलेल्या बुडाच्या मागे लागतात. बऱ्याच मांजरांचे झटके कमी होतात, पूर्ण थांबतील याची खात्री नसते. आणि झटक्यात मांजर आडवं पडलं, लाळ गळली, जागेवरच लघवी झाली, हाकेला कान पण हलला नाही तर ती बहुधा फिट, तेव्हा डायरी बिरी बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा.