आधारगृहातली पेटी : मराठवाड्यातल्या आया, मुलं आणि गाण्याचे वर्ग

मराठवाड्यातल्या, परक्या दारी वाढलेल्या एका मुलीचं गाणं सातशे वर्षं टिकलं आहे. जनाबाई गंगाखेडची. परंपरा सांगते की ती लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली, तिथेच राबली आणि दळता-कांडता अभंग रचत गेली. तरीही आज महिलांच्या आधारगृहात गाण्याचा वर्ग सुरू करायचा म्हटलं की अनेकांना ती शहरातून आलेली हौस वाटते. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या संगीतसभागृहाने २०११ साली तरुण आयांसोबत अंगाईगीतं रचण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे तो बेघरांच्या निवाऱ्यांत आणि तुरुंगांतही पोचला. त्याचं कौतुक आपल्याकडे होतं, व्हावंही. पण आपल्याकडे आई आणि लेकरू एकत्र गातच होती. ती वेगळी कशी झाली, हे आधी पाहायला हवं.

जात्यावरची ओवी कुणी शिकवत नसे. पहाटे आई दळायला बसली की लेक अर्धवट झोपेत तिच्या मांडीला टेकायची आणि चाल कानात जायची. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ साली गायलेल्या ओव्या त्यांत आहेत, आणि त्या बाबासाहेबांवरच्या आहेत. म्हणजे ओवीत फक्त विठ्ठल आणि माहेर होतं असं समजू नये. पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं. बाईचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. गाण्याची वेळ मात्र गेली. पंचमीचे फेर, बारशाचे पाळणे, कार्तिकातला काकडा आणि भीमजयंतीची गाणी तेवढी राहिली.

संस्थांचा इतिहास याहून खूपच अलीकडचा. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा १९२४ पासून होता, पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा भाग स्वतंत्र भारतात आला, १९६० मध्ये महाराष्ट्राचा झाला, आणि बालगृहं, महिलांची वसतिगृहं असं सरकारी जाळं इथे सावकाश पसरलं. या गृहांमध्ये गाणं म्हणजे प्रार्थना. रांगेत उभं राहून, हात जोडून म्हणायची. त्याला गाण्याचा वर्ग म्हणवत नाही.

मोठं वळण आलं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ५२ गावं दुसरीकडे वसवावी लागली, औसा-उमरगा पट्ट्यात पोरकी झालेली मुलं आणि एकट्या पडलेल्या बाया पत्र्यांच्या शेडमध्ये राहू लागल्या. भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी ‘आपलं घर’ उभं केलं. १९४१ साली स्थापन झालेल्या सेवा दलाची कलापथकांची परंपरा जुनी. जिथे शिबिर तिथे डफ आणि समूहगीत, हे ठरलेलंच. तिथून आलेला कार्यकर्ता मुलांना शिकवताना सरगमेपासून सुरुवात करत नाही, सगळ्यांना एकदम गायला लावतो. मला ही पद्धत अजूनही सगळ्यात योग्य वाटते. ज्या पोराच्या तोंडून महिनोन्‌महिने शब्द फुटत नाही, ते घोळक्यात ओठ हलवतं आणि कुणी त्याच्याकडे रोखून पाहत नाही.

आयांची वाट निराळी निघाली. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांची मानवलोक ही संस्था १९८२ पासून काम करत होती. तिच्याच जोडीने डॉ. शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’तून टाकलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांचा प्रश्न हाती घेतला. त्या दशकात स्त्रीचळवळीची गाणी ओवीच्या, गोंधळाच्या, भारुडाच्या चालींवर बांधली जात होती, आणि मेळाव्यात ती बायकांच्या तोंडी लगेच बसत. पुढे निराधार बायकांसाठी केंद्राची स्वाधार योजना आली, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला आणि आश्रयगृह ही कायद्याने सांगितलेली गोष्ट झाली. योजनेत निवास, जेवण, समुपदेशन, कायदेशीर मदत आणि व्यवसाय प्रशिक्षण. व्यवसाय प्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा शिलाई मशीन. बाईने आधी पोटाचं बघावं, गाणं कसलं सुचतंय, हा विचार कुणी लिहून ठेवला नव्हता, पण चालत तसंच होतं.

त्यात आणखी एक अडचण, जी मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गाणारी, नाचणारी बाई म्हटलं की लोकांना तमाशाचा फड आणि कलाकेंद्र आठवतं. आधीच ‘घर सोडून आलेली’ असा शिक्का बसलेल्या बाईच्या हातात ढोलकी दिसली तर गाव काय म्हणेल, ही भीती संचालकांना असते आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवात भजनाने होते. टाळ हातात असले की कुणी बोलत नाही.

मुलांच्या संस्थांत मात्र गाणं हळूहळू पुढे सरकलं. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ च्या सुमारास एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. ज्यांना शेजारी बसवून घ्यायला लोक कचरत होते, तीच मुलं ‘हॅपी म्युझिक शो’ घेऊन रंगमंचावर उभी राहिली आणि संस्थेसाठी निधी उभा करू लागली. बीडमध्ये ऊसतोड कामगारांची मुलं हा वेगळाच प्रश्न. दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, साखर कारखान्याकडे निघतो आणि मुलं मागे हंगामी वसतिगृहात किंवा आर्वीच्या ‘शांतिवन’सारख्या संस्थेत राहतात. इथे आई आहे, पण पाच-सहा महिने उसाच्या फडात. गाणं शिकणारं मूल आणि गाणं ठाऊक असलेली आई एका छपराखाली नसतात, ही गोष्ट पुन्हा तिथेही आहेच.

आई आणि मूल दोघांना एकत्र बसवणारे वर्ग यातून सुचले. ते चालवणाऱ्यांना दोन गोष्टी लवकर कळतात.

पहिली, परीक्षेचा अभ्यासक्रम इथे चालत नाही. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी तयार झाली. नाथराव नेरळकरांसारख्यांनी नांदेड-औरंगाबादेत याच शास्त्रीय संगीताच्या कित्येक पिढ्या घडवल्या. ती परंपरा मोठीच आहे. पण स्वाधारगृहाच्या नियमांत हिंसाचारग्रस्त बाईला साधारण वर्षभर राहता येई, इतरांना तीन वर्षांपर्यंत, आणि पुष्कळ जणी त्याआधीच निघून जातात. आज आलेली बाई पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक तास त्या दिवशीच पुरा व्हायला लागतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. परंपरेतली निम्मी गाणी माहेराची आणि भाऊरायाची. ज्या भावाने दार लावून घेतलं त्याच्याच कौतुकाची ओवी बाईने कशी गावी? पाळण्याचंही तसंच, वर्गात एखादी अशी असते जिचं मूल सासरी अडकलंय. कसलेल्या शिकवणाऱ्या बाई म्हणून चाल जुनी ठेवतात आणि शब्द बायकांकडून घेतात. कुणी भावाच्या जागी मैत्रिणीचं नाव घालते, कुणी वकीलबाईंचं. खुद्द ओवीची रीतही हीच आहे: दोन-चार ओळींचा साचा, त्यात आपलं दुःख आपण भरायचं. मुलं मागून टाळ्यांचा ठेका धरतात आणि आईने रचलेली ओळ त्यांना आधी पाठ होते.

कार्यक्रमाचा मोह इथे आवरावा लागतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संरक्षणाखालील मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणं तर सरळ धोक्याचं. स्नेहसंमेलनाची सवय लागलेल्या देणगीदारांना हे समजावताना संस्थांच्या नाकी नऊ येतात.

पैशाचा प्रश्न वेगळा. २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत (आता मिशन वात्सल्य) ५० मुलांच्या बालगृहासाठी कला-संगीताचा अर्धवेळ शिक्षक धरला आहे, आणि बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी करमणुकीत संगीताचं नाव घेतलं आहे. ही जागा प्रत्यक्षात भरलेली असणं ही वेगळी गोष्ट, पण निदान कागदावर ती आहे. स्वाधारगृहाच्या कर्मचारी यादीत अधीक्षक, समुपदेशक, कार्यालय सहायक, पहारेकरी असे होते. गाण्याला जागा नव्हती. २०२२ पासून ही गृहं केंद्राच्या मिशन शक्ती योजनेखाली ‘शक्ती सदन’ झाली. मुलगा आईसोबत पूर्वी आठ वर्षांपर्यंत राहू शके, आता बारापर्यंत. त्यानंतर त्याला बालगृहात जावं लागतं, जिथे संगीतशिक्षकाची तरतूद आहे. आई मागे राहते, जिथे पेटीवर गाणं शिकवणाऱ्या ताईंचा खर्च अजून कुठल्याच सरकारी शीर्षाखाली बसत नाही.